एका पिंपाची दोन अपत्ये : 'टन' आणि 'बॅरल'

खनिज तेलाच्या बातमीत दोन मापे नेहमी जोडीने येतात. तेलाचा भाव सांगितला जातो तो बॅरलमागे डॉलरमध्ये आणि देशाने किती तेल आयात केले हे सांगितले जाते ते टनांत. एक माप आकारमानाचे, दुसरे वजनाचे. वरकरणी त्यांचा परस्परांशी काहीही संबंध दिसत नाही. प्रत्यक्षात मात्र ही दोन्ही मापे एकाच वस्तूपासून जन्मली आहेत. ती वस्तू म्हणजे मध्ययुगीन युरोपात द्राक्षमद्याच्या वाहतुकीसाठी वापरले जाणारे एक मोठे लाकडी पिंप. त्याचे नाव 'टन'.

या पिंपाने राजांना कर मिळवून दिला, जहाजांचे आकार ठरवले, गणितज्ञांना कोडी घातली आणि शेवटी खनिज तेलाच्या जागतिक बाजारपेठेला तिचे माप दिले. पिंप कालबाह्य झाले, पण माप टिकून राहिले. आज भारताचे तेलाचे बिल ज्या मापावर ठरते, त्याची कथा समजून घ्यायची तर तेलविहिरींच्या कितीतरी आधीच्या काळात जावे लागते.

लाकडी पिंपाचा उगम

भूमध्य समुद्राच्या परिसरात प्राचीन काळी द्राक्षमद्य आणि तेल मातीच्या कुंभांतून नेले जात असे. दोन कानांच्या, निमुळत्या तळाच्या या कुंभाला 'अँफोरा' म्हणत. त्यात साधारण २६ लिटर द्रव मावत असे. रोमन लोक जहाजाची क्षमताही याच कुंभांत मोजत. इसवी सनपूर्व २१८ मध्ये रोममध्ये झालेल्या एका कायद्याने सिनेटच्या सदस्यांना तीनशेहून अधिक अँफोरा वाहून नेणारे जहाज बाळगण्यास बंदी घातली होती. ज्या भांड्यातून माल जातो, तेच भांडे जहाजाचेही माप होते, या प्रथेचा हा एक जुना दाखला.

आल्प्स पर्वताच्या पलीकडे राहणाऱ्या केल्ट आणि गॉल लोकांची पद्धत वेगळी होती. त्यांच्याकडे जंगले होती आणि लाकूड वाकवण्याचे कसब होते. फळ्या एकमेकींना जोडून, त्यांना बाहेरून कड्या घालून ते पिंपे तयार करीत. आल्प्सच्या परिसरात द्राक्षमद्य कड्या घातलेल्या लाकडी भांड्यांत साठवले जाते, अशी नोंद पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने करून ठेवली आहे. रोममधील सम्राट ट्रेजनच्या स्तंभावरील शिल्पांतही होड्यांत रचलेली अशी पिंपे दिसतात.

पिंपाचा मध्यभागी फुगीर आणि दोन्ही टोकांना अरुंद असा आकार उपयोगातून ठरलेला आहे. आडवे ठेवलेले पिंप जमिनीला फार थोड्या जागी टेकते. त्यामुळे चार जणांना न उचलता येणारे भरलेले पिंप एक माणूस गडगडत नेऊ शकतो आणि हवे तिकडे वळवूही शकतो. मातीचा कुंभ धक्क्याने फुटतो. पिंप फुटत नाही. या सोयींमुळे युरोपातील मालवाहतुकीत पिंपाने कुंभाची जागा घेतली. मध्ययुगीन लॅटिनमध्ये या पिंपाला 'टुन्ना' असे नाव मिळाले. हा शब्द मूळचा केल्टिक असावा, असे भाषातज्ज्ञ मानतात. त्यापासून फ्रेंचमध्ये 'तोनो' आणि इंग्रजीत 'टन' हे शब्द आले. इंग्रजीतील 'टनेल' म्हणजे बोगदा, हा शब्दही पिंपाच्याच फ्रेंच नावाशी नाते सांगतो.

२५२ गॅलनचे गणित

बाराव्या शतकाच्या मध्यापासून १४५३ पर्यंत फ्रान्सचा गॅस्कनी हा नैर्ऋत्य प्रदेश इंग्लंडच्या राजांकडे होता. तेथील बोर्दो बंदरातून द्राक्षमद्याने भरलेली जहाजे इंग्लंडला जात. हा व्यापार मोठा होता आणि त्यात सर्वांना मान्य असे एक माप आवश्यक होते. 'टन' हे ते माप ठरले.

पंधराव्या शतकात इंग्लंडच्या संसदेने या मापाला कायद्याची चौकट दिली. तिसऱ्या रिचर्डच्या कारकिर्दीत १४८४ मध्ये झालेल्या कायद्यात टनाबरोबर त्याच्या लहान भावंडांचीही मापे नमूद झाली. एक टन म्हणजे २५२ गॅलन. त्याचा अर्धा भाग म्हणजे 'पाइप' किंवा 'बट', १२६ गॅलनचा. तिसरा भाग ८४ गॅलनचा. चौथा भाग म्हणजे 'हॉग्सहेड', ६३ गॅलनचा. सहावा भाग म्हणजे 'टिअर्स', ४२ गॅलनचा. आणि आठवा भाग म्हणजे 'बॅरल', साडेएकतीस गॅलनचा.

२५२ हा आकडा विचित्र वाटला तरी व्यवहाराला सोयीचा आहे. त्याचे दोन, तीन, चार आणि सहा असे समान भाग अपूर्णांक न येता पडतात. दशमान पद्धती नसलेल्या काळात व्यापाऱ्याला अशाच आकड्यांची गरज होती.

या मापांची नावेही अर्थपूर्ण आहेत. 'टिअर्स' म्हणजे तिसरा हिस्सा. तो टनाचा नव्हे, तर पाइपाचा तिसरा हिस्सा आहे. 'हॉग्सहेड'चा शब्दशः अर्थ डुकराचे डोके. शेजारच्या डच भाषेत मात्र याच पिंपाच्या नावात बैलाचे डोके आहे. 'बट' हा शब्द ज्या लॅटिन मुळापासून आला, त्याच्याच लघुरूपापासून इंग्रजीतील 'बॉटल' आला आणि मराठीतील 'बाटली'ही त्याच कुळातली.

माप खरे की खोटे?

पिंप हे वाहतुकीला उत्तम, पण मोजायला अवघड भांडे आहे. सरळ भिंतींच्या हौदातील पाणी मोजणे सोपे. फुगीर पिंपातील द्रव नेमका किती, हे ठरवणे कठीण. कारागिराने फळ्या थोड्या जाड घेतल्या किंवा फुगवटा थोडा कमी ठेवला, तर बाहेरून तेच दिसणारे पिंप आतून लहान असू शकते. खरेदीदाराची फसवणूक आणि राजाच्या करातील घट, दोन्ही याच फटीतून होत.

प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांना हा प्रश्न १६१३ मध्ये स्वतःच्या विवाहाच्या निमित्ताने पडला. ऑस्ट्रियातील लिंझ येथे त्यांनी द्राक्षमद्याची पिंपे विकत घेतली. विक्रेत्याने पिंपाच्या वरच्या भोकातून एक काठी तिरपी आत घातली, ती तळाच्या कडेला टेकवली आणि काठी किती भिजली यावरून किंमत सांगितली. केप्लर यांना ही पद्धत संशयास्पद वाटली. काठीची लांबी तेवढीच राहूनही बुटक्या आणि उंच पिंपांत वेगवेगळे द्रव मावू शकते, हे त्यांच्या लक्षात आले.

या प्रश्नाचा पिच्छा पुरवून त्यांनी १६१५ मध्ये पिंपांच्या घनफळावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. वक्र भांड्याचे अतिशय पातळ काप कल्पून त्यांची बेरीज करण्याची त्यातील रीत पुढे विकसित झालेल्या कलनशास्त्राची एक पूर्वतयारी मानली जाते. ऑस्ट्रियातील पिंपांबाबत त्यांचा निष्कर्ष मात्र विक्रेत्यांच्या बाजूचा निघाला. तेथील पिंपांचे प्रमाण असे होते, की त्यात थोडाफार फरक पडला तरी घनफळ फारसे बदलत नसे.

इंग्लंडमध्ये वाद होता तो गॅलनचा. द्राक्षमद्याचा गॅलन वेगळा, बिअरचा वेगळा. अखेर राणी अ‍ॅनच्या कारकिर्दीत १७०६-०७ मध्ये द्राक्षमद्याचा गॅलन २३१ घनइंचांचा निश्चित झाला. उत्तर अमेरिकेतील वसाहतींनी हाच गॅलन स्वीकारला. ब्रिटनने १८२४ च्या कायद्याने नवा, मोठा गॅलन आणला. अमेरिकेने मात्र जुनाच ठेवला. म्हणून अमेरिकी गॅलन सुमारे ३.७९ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन सुमारे ४.५५ लिटरचा आहे. तेलाच्या बॅरलमध्ये आजही राणी अ‍ॅनच्या काळचा द्राक्षमद्याचा गॅलन आहे.

पिंपापासून जहाजापर्यंत

२५२ गॅलन म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ९५४ लिटर. एवढ्या द्रवाचे वजन एक हजार किलोच्या जवळ जाते. म्हणूनच 'टन' हे पिंपाचे नाव हळूहळू जड वजनाचेही नाव झाले. इंग्लंडमध्ये वजनाचा टन २,२४० पौंडांचा, म्हणजे १,०१६ किलोचा ठरला. अमेरिकेत २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोचा टन रूढ झाला. दशमान पद्धतीतील टन नेमका १,००० किलोचा आहे.

दुसरीकडे, जहाज किती मोठे, या प्रश्नाचे उत्तर त्यात किती टन, म्हणजे किती पिंपे मावतात, असे दिले जाऊ लागले. राजानेही त्याचा उपयोग करून घेतला. चौदाव्या शतकापासून इंग्लंडमध्ये आयात होणाऱ्या द्राक्षमद्याच्या प्रत्येक टनावर कर बसू लागला. हा कर राजाला आजन्म वसूल करू देण्याची प्रथा पडली होती. १६२५ मध्ये पहिल्या चार्ल्सला मात्र इंग्लंडच्या कनिष्ठ सभागृहाने तो केवळ एका वर्षापुरता देऊ केला. राजाने वसुली सुरूच ठेवली. राजा आणि संसद यांच्यातील ज्या संघर्षाचे पर्यवसान १६४२ च्या यादवी युद्धात झाले, त्याच्या कारणांत हा करही होता.

करासाठी प्रत्येक जहाजात प्रत्यक्ष पिंपे रचून पाहणे शक्य नव्हते. त्यामुळे लांबी आणि रुंदीवरून टन काढण्याची सूत्रे तयार झाली. ब्रिटनमध्ये अठराव्या शतकात रूढ झालेल्या सूत्रात जहाजाची खोली मोजलीच जात नसे. ती रुंदीच्या निम्मी आहे असे गृहीत धरले जाई. याचा परिणाम विपरीत झाला. कर वाचवण्यासाठी मालक अरुंद आणि खोल जहाजे बांधू लागले. कागदावर टन कमी, पोटात माल जास्त. अशी जहाजे समुद्रात नीट तोल सांभाळत नसत. सदोष मापाची किंमत अशा प्रकारे खलाशांना मोजावी लागली.

१८५४ मध्ये ब्रिटनने ही पद्धत बदलली. जहाजाच्या आतील प्रत्यक्ष जागा मोजून शंभर घनफुटांना एक टन मानले जाऊ लागले. १९६९ मध्ये जहाजांच्या मोजमापाबाबत आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९८२ मध्ये तो अमलात आला. त्यानुसार व्यापारी जहाजाचा 'ग्रॉस टनेज' हा आकडा त्याच्या बंदिस्त जागेवरून काढला जातो. तो वजनाचा आकडा नव्हे. याउलट युद्धनौकेच्या बातमीत येणारा टन वजनाचा असतो. नौका जेवढे पाणी बाजूला सारते, त्या पाण्याचे वजन म्हणजे नौकेचे वजन.

टनाचा प्रवास एवढ्यावर थांबत नाही. दीड टनाचा वातानुकूलक म्हणजे दीड टन वजनाचे यंत्र नव्हे. २,००० पौंडांचा एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता काढून टाकण्याची क्षमता म्हणजे एक टन, असे हे माप आहे. ते सुमारे साडेतीन किलोवॉट होते. घरातील भिंतीवरच्या यंत्रापर्यंत बोर्दोच्या पिंपाचे नाव असे पोहोचले आहे.

पेनसिल्व्हेनियातील ४२ गॅलन

दुसऱ्या अपत्याची, म्हणजे तेलाच्या बॅरलची कथा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात घडली. २७ ऑगस्ट १८५९ रोजी टायटसव्हिल या गावाजवळ एडविन ड्रेक यांच्या विहिरीला सुमारे ६९ फुटांवर तेल लागले. या तेलाला तेव्हा 'रॉक ऑइल', म्हणजे खडकातील तेल म्हणत. मराठीतील 'रॉकेल' हा शब्द त्यातूनच आला.

तेल लागले, पण ते भरायचे कशात, हा प्रश्न उभा राहिला. व्हिस्की, खारवलेले मासे, काकवी अशा कशाचीही पिंपे मिळतील तेथून आणली गेली. ती वेगवेगळ्या आकारांची होती. पुढे तेल एवढे वाहू लागले, की जानेवारी १८६१ मध्ये सुमारे दहा डॉलर असलेला भाव त्याच वर्षाच्या अखेरीस दहा सेंटवर आला. आतल्या तेलापेक्षा बाहेरचे रिकामे पिंप महाग, अशी अवस्था झाली.

गळक्या पिंपांतून आणि निरनिराळ्या मापांतून विकल्या जाणाऱ्या तेलावर खरेदीदारांचा विश्वास बसेना. १८६६ मध्ये तेल उत्पादकांनी एकत्र येऊन एक नियम ठरवला. दर ४० गॅलनमागे आणखी दोन गॅलन खरेदीदाराला द्यायचे. वाटेत तेल गळाले, उडाले, तरी घेणाऱ्याच्या पदरात पूर्ण ४० गॅलन पडावेत, हा त्यामागचा हेतू होता. अशा प्रकारे ४२ गॅलनचे बॅरल रूढ झाले. १८७२ मध्ये उत्पादकांच्या संघटनेने ते अधिकृतपणे स्वीकारले आणि १८८२ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनेही त्याला मान्यता दिली.

४२ गॅलनचे पिंप पेनसिल्व्हेनियातील कारागिरांना परके नव्हते. ते जुने 'टिअर्स', म्हणजे टनाचा सहावा भाग होते. तेलाने भरल्यावर त्याचे वजन तीनशे पौंडांच्या पुढे जाई. एका धट्ट्याकट्ट्या माणसाला एवढेच पेलवत असे. म्हणजे आज ज्याला तेलाचे 'बॅरल' म्हणतात, ते जुन्या कायद्यातील साडेएकतीस गॅलनचे बॅरल नव्हेच. ते बॅरलचे नाव घेतलेले टिअर्स आहे. आजच्या मापाने ते सुमारे १५९ लिटर भरते.

बॅरलसाठी इंग्रजीत 'बी-बी-एल' असे संक्षिप्त रूप वापरतात. स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या निळ्या रंगाच्या पिंपांवरून ते आले, अशी गोष्ट वारंवार सांगितली जाते. ती खरी नाही. ही कंपनी १८७० मध्ये स्थापन झाली. हे संक्षिप्त रूप त्याच्या शंभर वर्षे आधीच्या व्यापारी कागदपत्रांतही आढळते.

पिंप गेले, माप राहिले

लाकडी पिंपाचे तेलाशी असलेले नाते अल्पकाळच टिकले. १८६५ मध्येच सॅम्युएल व्हॅन सायकेल यांनी पेनसिल्व्हेनियात पाच मैलांची, दोन इंच व्यासाची तेलवाहिनी टाकली. रेल्वेच्या टाक्या आल्या, पुढे तेलवाहू जहाजे आली. आज जगातील कच्चे तेल वाहिन्यांतून आणि जहाजांच्या टाक्यांतून जाते. ४२ गॅलनच्या पिंपात ते भरलेच जात नाही. बॅरल आता केवळ हिशेबात आहे.

रस्त्याच्या कामावर डांबराचे किंवा टंचाईच्या गावात पाणी साठवण्याचे जे पत्र्याचे पिंप दिसते, ते तेलाचे बॅरल आहे असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. ते पिंप साधारण २०० लिटरचे, म्हणजे तेलाच्या बॅरलपेक्षा बरेच मोठे असते. अशा पोलादी पिंपाचे पेटंट १९०५ मध्ये न्यू यॉर्कमधील एका कारखान्यातील हेन्री वेरहान यांना मिळाले. हा कारखाना प्रसिद्ध पत्रकार नेली ब्लाय चालवत होत्या. बिअरचे बॅरल पुन्हा वेगळे आहे. ते ब्रिटनमध्ये सुमारे १६४ लिटरचे, तर अमेरिकेत सुमारे ११७ लिटरचे असते.

तरीही साठवणुकीचा जुना प्रश्न पूर्णपणे संपलेला नाही. कोरोनाच्या साथीत मागणी घटली आणि अमेरिकेतील साठवण टाक्या भरत आल्या, तेव्हा २० एप्रिल २०२० रोजी मे महिन्याच्या अमेरिकी तेलाच्या वायदा सौद्याचा भाव शून्याखाली, उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. तेल घेऊन जाणाऱ्यालाच पैसे देण्याची वेळ आली. १८६१ मध्ये पेनसिल्व्हेनियात जे घडले, तेच घडले. तेलापेक्षा ते ठेवण्याची जागा महाग झाली.

मराठीतील पिंप आणि भारताचा हिशेब

मराठीतील 'पिंप' हा शब्दही याच घराण्यातला. द्राक्षमद्याच्या पिंपाला पोर्तुगीज भाषेत 'पिपा' म्हणतात. गोवा आणि कोकण किनाऱ्यावरील संपर्कातून तो मराठीत आला. हिंदीतील 'पीपा' आणि इंग्रजी मापातील 'पाइप' त्याचेच सगेसोयरे. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात द्राक्षमद्याचा हिशेब आजही ५५० लिटरच्या 'पिपा'मध्ये करतात. बोर्दोचे घाऊक व्यापारी ९०० लिटरच्या 'तोनो'मध्ये भाव सांगतात.

एकाच मापाने धान्य, वजन आणि जहाज मोजण्याची पद्धत आपल्याकडेही होती. वीस मणांची खंडी हे धान्याचे माप होते, वजनाचेही होते आणि कोकणातील गलबतांची क्षमताही खंडीतच सांगितली जात असे. स्वतंत्र भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली आणि खंडी, मण, शेर व्यवहारातून मागे पडले. आंतरराष्ट्रीय तेलव्यापारातील बॅरल मात्र कोणत्याही एका देशाच्या कायद्याने बदलण्यासारखे नव्हते.

त्यामुळे भारताला दोन्ही मापे सांभाळावी लागतात. एक टन कच्चे तेल म्हणजे घनतेनुसार कमी-अधिक, पण सरासरीने सुमारे ७.३३ बॅरल. २०२२-२३ या आर्थिक वर्षात भारताने सुमारे २३ कोटी टन कच्चे तेल आयात केले. म्हणजे जवळपास १७० कोटी बॅरल. याचा अर्थ असा, की बॅरलमागे भाव केवळ एका डॉलरने वाढला आणि वर्षभर तसाच राहिला, तर आयातीचे बिल सुमारे १७० कोटी डॉलरने वाढते. बातमीतील 'बॅरलमागे एक डॉलर' हे लहानसे दिसणारे शब्द याच कारणाने महत्त्वाचे ठरतात.

पेनसिल्व्हेनियातील उत्पादकांनी दोन गॅलन अधिक दिले ते खरेदीदाराचा विश्वास मिळवण्यासाठी. पेट्रोल पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते आणि शंका आल्यास ग्राहक त्याने मोजून दाखवण्याची मागणी करू शकतो, यामागेही तीच गरज आहे. बोर्दोच्या धक्क्यावर पिंप मोजून घेणारा व्यापारी आणि पंपावरचा ग्राहक यांना हवे असते ते एकच : दिलेल्या पैशात ठरल्याएवढा माल.